ब्रेक दगडासारखा लागतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही सोनईला नात्यातल्या कार्यक्रमाला गेलो होतो. परतताना शनिशिंगणापूरच्या गाडीतळावर आमच्या वस्तीतला एक पोरगा भेटला. दुसऱ्याच्या मालकीची जुनी डिझेल जीप तो नगर-शिंगणापूर फेऱ्यांवर चालवतो. "जयभीम काका," म्हणाला खरा, पण चेहरा उतरलेला. ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले होते. पोटऱ्या भरून येईपर्यंत दाबावे, तेव्हा कुठे गाडी थांबायची. मालकाला फोन केला तर मालक म्हणाला, "तरणाबांड आहेस, जोरात दाब." प्रवाशांतल्या एका आजींनी तर निकालच दिला, शनीची दृष्टी लागली, पुन्हा जाऊन तेल वाहा.

आम्ही उमेदीची वर्षे गॅरेजात काढली आहेत. म्हटले, आधी बॉनेट उघड.

वाचकहो, आपल्या घरोघरी कोणी ना कोणी ड्रायव्हर आहे, म्हणून हे जरा नीट सांगतो. पेडलच्या पुढे, बॉनेटखाली, पातेल्याएवढा काळा गोल डबा असतो. तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन एका नळीने डब्यातली हवा ओढून घेते. आपण पेडल दाबले की पडद्याच्या मागल्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. नऊ इंची डब्यात हा जोर अडीचशे किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ब्रेक आपला पाय एकटा लावत नाही, हवा लावते. हवा ओढणे थांबले की सगळा भार पायावर येतो. पेट्रोल गाडीत ही ओढ इंजिनातूनच मिळते. डिझेलला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि बऱ्याच जुन्या जीपगाड्यांत तो डायनामोच्या पाठीला असतो. अशा गाडीत ब्रेक कडक आणि चार्जिंगचा दिवाही लागलेला, असे दिसले तर आधी पट्टा बघावा.

पोराला विचारले, "सकाळी इमामपूरचा घाट कसा उतरलास?"

"न्यूट्रलला, काका. इंजिन बंद करून. डिझेल वाचतं."

आम्हाला घाम फुटला. इंजिन बंद असताना बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरतीच ओढ शिल्लक असते. नंतर पेडल लाकडासारखे होते, आणि घाट तर अजून संपलेला नसतो. आमच्या काळातही हे चालायचे. चार रुपयांच्या डिझेलपायी.

मग तपासणी केली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावले, पाय तसाच दाबून धरायला सांगितला आणि इंजिन चालू केले. बूस्टर ठीक असेल तर पेडल आपसूक थोडे खाली बसते. इथे हलले नाही. इंजिन चालू ठेवून बूस्टरकडची नळी काढली, तोंडाला अंगठा लावला, ओढ नाही. पंपाच्या तोंडाशी लावला तर अंगठा चिकटून बसला. म्हणजे पंप धडधाकट, वाटेत गळती. नळी वाकवून पाहिली तेव्हा खालच्या अंगाला, लोखंडी पट्टीला घासते तिथे, बोटभर भेग सापडली. आजींची शनीची दृष्टी ती हीच.

नळीतला एकमार्गी व्हॉल्व्हही फुंकून पाहावा, हवा इंजिनाच्या दिशेनेच गेली पाहिजे. नळीला ओढ आहे आणि तरी पेडल कडक, दाबताना फुस्स आवाज येतो, तर पडदा फाटला असे समजावे. तो डबा रस्त्यावर उघडू नये, बदलावा. पेडल नीट खाली बसते पण गाडी थांबत नाही, तर चाकाकडे जावे. तिथे कॅलिपर जाम असतो किंवा लायनरला तेल लागलेले असते. ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइल ओतले तरी आतली रबरे फुगून हाच घोळ होतो.

"आता परतीला घाट चढायचाच आहे काका. जाऊ का हळूहळू?"

"समोरचा ट्रक थांबताना तुझा चढ बघणार आहे का?"

नळीला टेप गुंडाळू का, असेही त्याने विचारले. टेप ओढीला टिकत नाही. साधी पाण्याची नळीही चालत नाही, ती आतल्या आत चपटी होते. प्रवासी दुसऱ्या जीपने गेले. पोरगा कुणाच्या तरी मोटरसायकलवर घोडेगावला जाऊन जाड व्हॅक्युम पाइप घेऊन आला. आम्ही तो बसवला, दोन्ही क्लिपा आवळल्या आणि पट्टीपासून नळी दूर बांधली. पुन्हा तीच परीक्षा घेतली. इंजिन चालू होताच पेडल खाली बसले, आणि पोरगा हसला.

चालत्या गाडीत असे झाले तर इंजिन बंद करू नये, पेडल पंप करत बसू नये. दोन्ही पायांनी एकदाच दाबून धरावे, गिअर खाली घ्यावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० आम्ही त्याला कागदावर लिहून दिले आहे. दोष माहीत असताना गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवू देणाराही. मालकाने पाइपाचे पैसे दिले. बुडालेले भाडे मात्र पोराच्या पगारातून कापले. तो कागद दाखवायला पोरगा येत्या रविवारी मालकाकडे जाणार आहे. आम्हीही सोबत जाणार आहोत.