एका आयपी पत्त्यावर अनेक घरं. मग पोलीस योग्य दारापर्यंत कसे पोहोचणार?

ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. प्रत्यक्षात त्याचा त्या मजकुराशी संबंधच नव्हता. इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्याबद्दल दिलेली माहिती चुकीची होती. हे निस्तरेपर्यंत सुमारे ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता.

तेव्हा ब्रॉडबँडवर एका क्षणी एक पत्ता साधारणपणे एकाच जोडणीकडे असायचा. आता तेवढाही भरवसा राहिलेला नाही.

कारण पत्तेच संपलेत. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. घरातला राउटर एकच पत्ता मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉपला मिळून वापरू देतो. कंपन्यांनी हीच युक्ती आपल्या ग्राहकांसाठी वापरली. तिचं नाव कॅरियर-ग्रेड नॅट. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरचा पत्ता तुम्हीही वाटून वापरताय.

हे चालतं कसं? तुम्ही एखादी वेबसाइट उघडली की कंपनीचं यंत्र त्या जोडणीला एक पोर्ट क्रमांक देतं आणि आपल्या तक्त्यात नोंद करतं. उत्तर आलं की तक्ता पाहून ते तुमच्याकडे पाठवतं. एका पत्त्यावर सुमारे ६५ हजार पोर्ट असतात. प्रत्येक ग्राहकाला हजार दिले, तर एका पत्त्यावर साठेक घरं सहज मावतात. नोंद मात्र आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीचीच होते. म्हणून गावच्या घरातला सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडत नाही, त्याला कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरचा वळसा घ्यावा लागतो.

ग्राहकाची ओळख पटते ती वेगळ्याच टप्प्यावर. ब्रॉडबँडवर बऱ्याचदा राउटरमध्ये भरलेल्या युजरनेम-पासवर्डने, मोबाइलवर सिमने. त्यातून खातं कुणाचं ते कळतं, टाइप कुणी केलं ते नाही.

म्हणजे तपासाला तीन गोष्टी हव्यात: पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने १८० दिवसांचे लॉग आणि सरकारी वेळेशी जुळवलेली घड्याळं बंधनकारक केली. पण खरी गळती दुसऱ्या टोकाला आहे. अनेक वेबसाइट पत्ता आणि वेळ लिहून ठेवतात, पोर्ट नाही. मग कंपनीच्या हाती एका नावाऐवजी यादी उरते. याच कारणासाठी युरोपोलने २०१७ मध्ये या पद्धतीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती.

आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा दुष्काळ नाही आणि ते वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे. तरीही ज्या वेबसाइट अजून फक्त आयपीव्ही४ वर आहेत, तिथे जाताना नवाकोरा ५जी फोनसुद्धा बहुधा त्याच सामायिक दारातून बाहेर पडतो.