टोल वाचवा, पण गावातून नको



बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना पाडळसिंगीचा टोल चुकवण्यासाठी गावातल्या रस्त्याने गाडी काढावी, असा सल्ला देणारे पत्र वाचले. तो मुळीच पटला नाही. ते रस्ते शाळकरी मुलांचे, बैलगाड्यांचे आणि उसाच्या ट्रॅक्टरचे आहेत. घाईतल्या मोटारी तिथे घुसल्या की जीव धोक्यात येतो तो गावकऱ्यांचा.

पैसे वाचवण्याचे हक्काचे मार्ग नियमातच आहेत, आणि पत्रलेखकांनी नेमके तेच सांगितले नाहीत. चोवीस तासांत परत येणाऱ्याला जाऊन-येऊन दीडपटच टोल पडतो. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी मासिक पास मागता येतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना वार्षिक फास्टॅग पासही मिळू लागला. सुरुवातीचा दर ३००० रुपये. मुदत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. मात्र हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरताच आहे. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलात, तर तिथला टोल वेगळा.

फास्टॅग चालू नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. निघण्यापूर्वी खात्यातली शिल्लक पाहा.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मासिक पासची माहिती नाक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लावलेली का नसते? त्यासाठी आपण सर्वांनी मिळून लेखी मागणी करू या. पत्रलेखकांनी पुढाकार घ्यावा, पहिली सही माझी.

— एक वाचक, गेवराई (जि. बीड)