पंतोजी बदलला, पोथी तीच राहिली

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, शाळेतल्या इतिहासाशी आपल्यास काय कर्तव्य, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. गणित आले म्हणजे बाजारात फसवणूक होत नाही, इंग्रजी आले म्हणजे नोकरी लागते, इतिहास मात्र पास होण्यापुरता असावा, अशी समजूत आहे. ती आम्हांस मुळीच मान्य नाही. दोन कागद समोर ठेवून कोणता खरा, कोणता खोटा आणि कोणता अर्धाच खरा हे ठरविण्याची विद्या शाळेत जर कोठे शिकवावयाची असेल, तर ती इतिहासाच्याच तासाला. आणि ही विद्या नसल्यामुळे आपल्या वाडवडिलांच्या जमिनी कशा गेल्या, हे सांगावयास नको.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात मास्तरांविषयी स्पष्ट मागणी होती. मास्तर शिकून तयार झालेला असावा, होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, आणि त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा. मोडी, बालबोध, हिशेब, शेतकी यांच्या जोडीला इतिहासाची तोंडओळखही त्यांनी मागितली होती. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ साली साताऱ्यास खेड्यांसाठी मास्तर तयार करणारे ट्रेनिंग कॉलेजही उभे केले. त्या मेहनतीला फळ आले. आज गावोगावच्या शाळांत कुणबी, माळी, धनगर, सुतार, कुंभार, दलित घरांतले मुलगे-मुली मास्तर म्हणून उभे आहेत. आता बोट दाखविण्यास पूर्वीचा पंतोजी राहिलेला नाही.

मग इतिहासाच्या तासाला काय चालते? आपल्याच घरातला मास्तर फळ्यावर 'कारणे' लिहितो, एक ते पाच. पोरे ती उतरवून घेतात. परीक्षेत तीच पाच उतरली पाहिजेत. चार लिहिली तर मार्क कमी, आणि सहावे कारण एखाद्या पोरीने आपल्या डोक्याने लिहिले तर त्यावर तांबडी रेघ! वेदवाक्य प्रमाण मानू नका असे सांगण्यात आपल्या चळवळीची उमेद गेली. आणि आपल्याच शाळेत गाईड प्रमाण होऊन बसले. २०१८ साली दहावीसाठी जे इतिहासाचे पुस्तक आले त्याची पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनावर आहेत. हेरोडोटस, व्हॉल्टेअर, रांके, फुको अशी मोठी मंडळी त्यात भेटतात. पुरावा तपासल्यावाचून काही मानू नये असे सांगणारी ही माणसे. त्यांची नावे पोरे काहीही न तपासता पाठ करतात आणि रिकाम्या जागा भरतात. यापेक्षा मोठी थट्टा आम्ही पाहिलेली नाही.

दोष एकट्या मास्तराचा नव्हे. ज्या कॉलेजात तो तयार झाला तेथे त्यास काय मिळाले ते पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यास एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला. काळ दुप्पट झाला, पण दिवस जातात ते पाठ टाचण काढण्यात, तक्ते रंगविण्यात, सूक्ष्म अध्यापनात आणि फायली सजविण्यात. एकमेकांस छेद देणारे दोन जुने कागद हाती देऊन, 'यांतला कोणता तुम्ही मानता, का मानता, आणि विरुद्ध पक्षाचे म्हणणे कसे खोडता, ते दोन पानांत लिहा' असे त्यास तेथे कितीदा सांगितले जाते? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

हे काम कसे करावे हे आपल्याच घरच्या उदाहरणाने दाखवितो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली, खतेपत्रे व वह्या हिसकावून घेतल्या आणि जाळून टाकल्या. हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले आणि तिसाहून अधिक गावांत पसरले. पुस्तकात याचे नाव 'दख्खनचे दंगे'. प्रश्न असा की यास जबाबदार कोण?

पहिला कागद सरकारी चौकशी कमिशनच्या अहवालाचा. तो १८७८ साली विलायतेच्या पार्लमेंटपुढे ठेवला गेला. त्याचा निकाल असा की सरकारी साऱ्याचा दोष नाही, दोष सावकाराचा. आता विद्यार्थ्याने विचारावे, हा निकाल देणारा कोण? सरकारनेच नेमलेला. त्यास मुद्दाम तपासावयास सांगितलेली गोष्ट कोणती? तर साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण आहे की नाही ही. स्वतःच्या गुन्ह्याची चौकशी स्वतःच करावयाची म्हटल्यावर निकाल कसा लागेल हे चावडीवरचा अडाणी माणूसही सांगेल. परंतु येथेच थांबणारा विद्यार्थीही कच्चाच. त्याच अहवालात रयतेच्या व सावकारांच्या जबान्या आहेत, साऱ्याचे दर, बाजारभाव आणि व्याजाचे आकडे आहेत. निकाल पक्षपाती म्हणून सगळा कागद फेकून द्यावयाचा नसतो. त्यातला साक्षीदार वेगळा काढावयाचा असतो.

दुसरा कागद १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे त्याने ठरविले. हेतू व्याज साचू नये हा. घडले उलटे: दर तीन वर्षांनी सावकार नवे खत करून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात घालू लागला. खाली अंगठा मात्र आपलाच. याच्या जोडीस अमेरिकेतले यादवी युद्ध ठेवावे. १८६१ ला ते सुरू झाले तेव्हा आपल्या कापसास सोन्याचा भाव आला आणि सावकाराचा हात सैल झाला. १८६५ ला ते संपले, भाव कोसळला, हात आखडला. आणि त्याच सुमारास नवी पाहणी होऊन सारा अनेक ठिकाणी दीडपट ते दुप्पट झाला.

तिसरा कागद जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. हा आपला ग्रंथ, आणि म्हणूनच येथे मास्तराची खरी परीक्षा. जोतीराव साऱ्याच्या वाढीवर बोट ठेवतात, गोऱ्या साहेबाच्या गाफीलपणावर कोरडे ओढतात आणि भटकारकुनांच्या लबाडीस मुख्य आरोपी करतात. विद्यार्थ्याने विचारावे: हा ग्रंथ दंग्यानंतर आठ वर्षांनी झाला, दंग्यात खते जळाली ती बहुतांशी बाहेरून येऊन बसलेल्या गुजर-मारवाडी सावकारांची, मग कारकुनाचा दोष या प्रसंगात किती? असा प्रश्न करणारा पोरगा जोतीरावांचा द्रोही, असे जर कोणी म्हणेल, तर त्याने जोतीराव वाचलेले नाहीत. शब्दप्रामाण्य मोडणाऱ्या माणसाचा शब्द प्रमाण करून बसणे ही त्याची पूजा नव्हे, विटंबना आहे. पंडितांचेही एकमत नाही. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात या दंग्यांमागे गावगाड्यातली मोठी उलथापालथ पाहिली, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली लिहिले की या दंग्यांना फाजील महत्त्व दिले गेले आहे. हे भांडण पोरांस कळले पाहिजे. यातच विषयाची गोडी आहे.

१९९१ साली अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी आठ इतिहासकार व आठ हुशार शाळकरी मुले यांच्यापुढे १७७५ च्या एका चकमकीचे तेच कागद ठेवले. इतिहासकारांची नजर आधी कोणी लिहिले, केव्हा लिहिले इकडे जाई. मुले मजकूर वाचीत सुटत आणि लिहिणाऱ्याकडे फारसे बघत नसत. म्हणजे ही नजर हुशारीने आपोआप येत नाही, शिकवावी लागते. पण शिकविणाऱ्यास ती आधी असली पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे, ट्रेनिंगच्या काळात प्रत्येक होऊ घातलेल्या मास्तराने असे दहा तरी वादाचे प्रश्न कागदांवरून स्वतः सोडवावेत, निकाल लिहावेत, आणि त्यांवर त्याच्या गुरूने व सोबत्यांनी हरकती घ्याव्यात. नोकरीत असलेल्यांची शिबिरे भरतात तेथेही भाषणे कमी करून हेच करावे. मुलांच्या वह्या आणून, कोणत्या उत्तरात नुसते मत आहे आणि कोणत्यात मतामागे पुरावा आहे, हे एकत्र बसून तपासावे.

याने पोरे तर्कटी होतील, जातीजातींत भांडणे लागतील, असे काही सज्जन सांगतात. अहो, भांडणे लागलेलीच आहेत! अमका राजा आमचा, तमका सरदार तुमचा, असा मजकूर मोबाईलवर रोज येतो. लिहिणाऱ्याचे नाव नाही, सन नाही, आधार नाही. आणि आपलीच शिकलेली पोरे तो पुढे ढकलतात, प्रसंगी काठ्या घेऊन निघतात. १८७५ च्या शेतकऱ्यास खत वाचता येत नव्हते. या पोरांस वाचता येते, पण कोण लिहितो आणि कशासाठी, हे विचारण्याची सवय त्यांस कोणी लावली नाही. वेळ नाही ही दुसरी सबब. तीत थोडे तथ्य आहे, कारण अभ्यासक्रम लांब आणि शाळेबाहेरची सरकारी कामे मास्तराच्या गळ्यात. पण वर्षातून चार प्रश्न असे घेण्यास वेळ निघत नाही हे आम्हांस पटत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या, म्हणजे तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीस जाल तेव्हा पोराची इतिहासाची वही बरोबर न्या. तिच्यात फळ्यावरून उतरविलेली पाने किती आणि त्याच्या स्वतःच्या डोक्याची किती, ते मोजा, आणि तो आकडा हेडमास्तरांपुढे ठेवा.