आधी सांडवा, मग मासे

परवा भाच्याचा नागपूरहून फोन आला. "मामा, टाकी फायनल केली! आठ बाय अडीच बाय अडीच फूट. हॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर. अरोवाना ठेवणार." मी विचारलं, पाणी भरणार कुठून आणि सोडणार कुठे? पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते जुनं झालं हो मामा. फिल्टर इतका भारी घेतोय की पाणी बदलायची गरजच नाही. दुकानदार म्हणतो, आटेल तेवढं वरून टाकत जा, बस."

हे शेवटचं वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी माझं डोकं तेवढंच फिरतं. तेव्हा मंडळी, आज त्या वाक्याशीच भांडण आहे. भाच्याशी नाही. (ताई, तू रागावू नकोस.)

फिल्टर करतो काय? मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. तिथे गाडी थांबते. नायट्रेट कमी विषारी आहे हे खरं, पण ते कुठे जात नाही, साचत राहतं. पाणवनस्पती थोडं खातात, पण मांसाहारी माशांच्या टाकीत अशा वनस्पती असून असून किती असणार? आणि ते "वरून टाकत जा"? वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार सगळे मागे राहतात. वरण आटलं की खारट होतं. त्यात पुन्हा मिठाचंच पाणी ओतत राहिलं तर काय होईल, हे कुठलीही गृहिणी सांगेल. आमच्याकडे मे महिन्याच्या उन्हात टाकी रोज डोळ्यांदेखत उतरते आणि आपण त्यात बोअरचं जड पाणी ओततो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धानोऱ्याच्या घरी माझी पहिली मोठी टाकी होती सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे ६८० लिटर. आत दोन मरळ. टाकीला भोक एकही नव्हतं. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं तर २०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चौदा बादल्या बाहेर आणि चौदा आत. पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्यात कंबर धरली. मग आठवड्याचं पंधरा दिवसांवर गेलं, पंधरा दिवसांचं महिन्यावर, आणि पुढे मीही वरून टाकायला लागलो. मरळ मजेत दिसत होते. इथेच माणूस फसतो. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेतो, वाईट पाण्यातही टिकून राहतो. मासा जिवंत आहे याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा होत नाही.

आठेक महिन्यांनी मला लाज वाटली. मे महिना, दुपारची वेळ. अर्धी टाकी एका दमात रिकामी केली आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून पाइप लावून भरून टाकली. पाणी हाताला चटका देत होतं, तरी मी भरली. सकाळी दोन्ही मरळ पालथे.

शेजारचे म्हणाले, "पाहा, पाणी बदललं म्हणून मेले." दुकानदारांचा सगळा युक्तिवाद अशाच मेलेल्या माशांवर उभा आहे! आठ महिने पाणी न बदलल्यामुळे नवं आणि जुनं पाणी इतकं वेगळं झालं होतं की तो धक्काच होता, वर ते गरम. चूक पाणी बदलण्याची नव्हती, इतके दिवस न बदलण्याची होती. आणि न बदलण्याचं कारण आळसही नव्हता, भोक नसणं हे होतं. मोठी टाकी बादलीवर चालत नाही. चालेल म्हणणाऱ्याने आठवडाभर चालवून दाखवावी.

आता भाच्याचा हिशेब. त्याची टाकी ५० घनफूट, म्हणजे सुमारे १४०० लिटर. काच, स्टँड सगळं धरून दोन टनांच्या आसपास जाईल. घराच्या खोल्यांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात, तेव्हा आधी इंजिनीयरला विचार, मला नाही. समजा त्याने हो म्हटलं. आठवड्याला तीस टक्के म्हणजे ४२० लिटर, अठ्ठावीस बादल्या. तेच काम थेंबाथेंबाने करायचं तर थोडं जास्त पाणी लागतं, कारण नवं पाणीही जुन्याबरोबर वाहून जातं. आठवड्याला ५०० लिटर धर. तासाला फक्त तीन लिटर! टाकीच्या वरच्या काठाखाली दोन-अडीच इंचांवर दोन भोकं, त्यांत टाकी निपल, तिथून पीव्हीसी पाइप. एक भोक रोजच्या पाण्यासाठी, दुसरं पहिलं तुंबलं तर. बस, एवढंच. फिल्टरच्या किमतीपुढे हा खर्च चहापाण्याचा आहे. पण भोकं काच चिकटवण्याआधी पाडावी लागतात. टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही, चुरा होतो. साध्या काचेला पडतं, पण भरलेल्या टाकीला कोण पाडणार?

माझ्या दुसऱ्या टाकीला ही भोकं आहेत. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या वेळीच येतं, म्हणून २०० लिटरचा ड्रम सावलीत स्टँडवर ठेवलाय. एक दिवस उघडा ठेवला की ब्लीचिंगचा वास जातो. ड्रमला शेतातल्या ठिबकचा ड्रिपर लावलाय. त्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, ड्रमच्या उंचीला दाब कमी पडतो. तासाभराचं पाणी मापात धरून मोजा. माझा तासाला दीड लिटर पडतो.

खाली संप हवाच अशी हल्ली फॅशन आहे. जिथे लाइट जाते तिथे दोनदा विचार करावा. पंप थांबला की वरचं पाणी खाली उतरतं. भाच्याच्या टाकीत दोन इंच उतरलं तरी नव्वदेक लिटर होतं. तेवढी जागा संपात रिकामी नसेल तर हॉलमध्ये तळं. वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक नसेल तर तो पाइपही उलटा ओढत राहतो. बिनसंपाची टाकी थेंबाला सोपी.

आता खरा आक्षेप, आणि तो माझ्या आईचा आहे. "बाप्पा, मासोळ्यांले इतकं पानी?" ती म्हणाली तेव्हा मी गप्प बसलो. तिने हंड्याने पाणी वाहिलंय, मी नाही. माझं उत्तर मी तोंडाने दिलं नाही, पाइपने दिलं. टाकीतून निघणारं रोजचं पस्तीस लिटर पाणी तिच्या वांग्यांच्या आणि पपईच्या बुंध्याशी जातं. माशाला नको असलेलं नायट्रेट झाडाला खतच. वाफ्याला पाणी आम्ही असंही घालत होतोच, आता ते टाकीतून फिरून येतं. फ्लॅटमध्ये वाफे नसतील, पण फ्लश आहे, लादी आहे, सोसायटीची झाडं आहेत. आणि निघणाऱ्या पाण्याला काहीच उपयोग नसेल, तर इतकी मोठी टाकी ठेवायचा हक्क नाही असं मी स्पष्ट म्हणतो. पाणी वाचवतो म्हणून मासे त्याच घाणीत ठेवणं ही बचत नव्हे.

भाचा थट्टेने माझ्या टाकीला "मामा तलाव" म्हणतो. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे असे हजारो तलाव आहेत. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले, नवेगाव बांधचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. त्या माणसांकडे पंप नव्हता की फिल्टर. पण पाणी कुठून येणार, जास्त झालं तर सांडव्यावरून कुठे जाणार, आणि पाळीतल्या मोरीतून कुणाच्या धानाला मिळणार, हे ठरवल्याशिवाय त्यांनी पाळ घातली नसणार. आपण मात्र १४०० लिटरचं तळं घरात आणतो आणि विचार करतो तो फक्त लाइटच्या रंगाचा. लहानपणी मुंबईचं १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, तेव्हाही आम्ही सगळे काचेपुढेच उभे होतो. काचेमागचा नळ कुणीच विचारला नाही.

एक पोटतिडकीची गोष्ट. टाकीचं पाणी नाल्यात किंवा तलावात सोडू नका. टाकी साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा दीड फुटापर्यंत वाढतो, मग लोक कंटाळून तो बाहेर सोडतात, आणि देशातल्या कित्येक नद्या-तलावांत तो आता ठाण मांडून बसलाय. कठाणी नदीत मला तो पाहायचा नाही.

असो. भाच्या, गुरुवारी काचवाल्याला ऑर्डर देणार म्हणतोस. त्याआधी टाकीच्या जागेपासून बाथरूमच्या जाळीपर्यंतचं अंतर टेपने मोज, मधे उंबरा किती उंच आहे तेही बघ, आणि रात्री फोन कर. भोकांची जागा मी कागदावर काढून ठेवतो.