एसच्या आधी की नंतर?

मगरपट्टा, अमनोरा आणि फुरसुंगीच्या आयटी पार्कांमुळे हडपसरमध्ये घर भाड्याने देणं-घेणं हा रोजचा व्यवहार झाला आहे. अकरा महिन्यांचा करार, तोही बहुतेकदा इंग्रजीत, आणि त्यात घर सोडण्याआधी द्यायच्या नोटिशीचं एक कलम. नोटीस एका महिन्याची असेल तर इंग्रजीत “वन मंथ’स नोटिस” लिहायचं, म्हणजे अपॉस्ट्रॉफी एस या अक्षराच्या आधी. दोन महिन्यांची असेल तर “टू मंथ्स’ नोटिस”, म्हणजे तीच खूण एसच्या नंतर. करारांच्या छापील मसुद्यांत मात्र ती कुठेही पडलेली दिसते, नाहीतर मुळातच नसते. इथे शेजारी आकडा असतो म्हणून निभावतं. पण प्रत्येक वाक्यात आकडा नसतो.

समजा, एखाद्या अर्जात लिहिलं आहे, “धिस इज माय ब्रदर’स शॉप”. दुकान एका भावाचं आहे. खूण एसच्या पलीकडे गेली की तेच दुकान दोन-चार भावांचं होतं. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात त्या मुलखात हा फरक बारीक म्हणून सोडून देता येणार नाही.

घोटाळ्याचं मूळ कानात आहे. मुलगे, मुलाचा आणि मुलांचा या तिन्ही अर्थांसाठी इंग्रजी माणूस तोंडाने एकच उच्चार करतो: बॉईज. तिघांतला भेद फक्त कागदावर दिसतो. मराठीचं तसं नाही. “मुलाचं वसतिगृह” आणि “मुलांचं वसतिगृह” यांतला अनुस्वार डोळ्यांना दिसतो आणि कानांनाही ऐकू येतो. विद्यार्थ्याचा आणि विद्यार्थ्यांचा, शेतकऱ्याचा आणि शेतकऱ्यांचा, कामगाराचा आणि कामगारांचा: एक की अनेक हे एका टिंबाने कळतं, आणि मराठी मूल शाळेत जाण्याआधीच ते अचूक बोलत असतं. इंग्रजी शिकवताना या तयार ज्ञानाचा उपयोग फारसा केला जात नाही, ही खरी खंत आहे.

वास्तविक नियम दोन पायऱ्यांचा आहे. आधी अनेकवचन करायचं, मग मालकी लावायची. टीचरचं अनेकवचन टीचर्स. शेवटी एस आलाच आहे, म्हणून पुढे नुसती खूण. चाइल्डचं अनेकवचन चिल्ड्रन. शेवटी एस नाही, म्हणून खूण आणि एस दोन्ही लावायचे. म्हणून शिक्षकदिनाच्या इंग्रजी नावात अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर येते आणि बालदिनाच्या नावात एसच्या आधी. पहिली पायरी गाळली की “चिल्ड्रन्स” हेच अनेकवचन समजून एसच्या पुढे खूण ठोकली जाते. ही चूक शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या फलकांवरही सापडते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात चिल्ड्रनसारखी, एसशिवाय अनेकवचन होणारी नावं ठळक आहेत. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरलं. तिच्या इंग्रजी नावात “विमेन’स” आहे, खूण एसच्या आधी, कारण विमेन हे मुळातच अनेकवचन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल’स एज्युकेशन सोसायटीचंही तसंच.

आणि एसच्या नंतरच्या खुणेचं सर्वांत बोलकं उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जखतं जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. त्याचं नाव दख्खन ॲग्रिकल्चरिस्ट्स’ रिलीफ ॲक्ट. दिलासा कोणा एका शेतकऱ्याला नव्हता, सगळ्यांना होता, आणि तेवढी गोष्ट त्या नावात शेवटच्या एसच्या डोक्यावरची खूण सांगते.

कामगार कायद्यांकडे पाहिलं तर हीच खूण तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भेटते. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा मुळात वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन ॲक्ट होता. २००९ च्या दुरुस्तीने तो एम्प्लॉयी’ज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झाला, आणि त्या नावात खूण एसच्या आधी आहे, म्हणजे एकवचन. उलट १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा या दोन्हींच्या नावांत एम्प्लॉयीज’ असं अनेकवचन आहे. भरपाई अपघात झालेल्या त्या एका कामगाराची, आणि निधी सर्वांचा, असा अर्थ वाचणाऱ्याला लावता येतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे कायदे एकत्र केले गेले, तरी निधी सांभाळणाऱ्या संघटनेच्या इंग्रजी नावात ती खूण आहेच. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या हजारो घरांत ते नाव पोचलेलं आहे.

या खुणेवरून माणूस कोर्टातही जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात एका घरविक्री एजंटाने समाजमाध्यमावर आपल्या जुन्या मालकाबद्दल लिहिलं, की तो एम्प्लॉयीजचा निवृत्तिनिधी भरत नाही. शब्दात अपॉस्ट्रॉफी कुठेच नव्हती. मालकाने बदनामीचा दावा लावला. लिहिणाऱ्याचं म्हणणं, आपल्याला फक्त स्वतःचा, एका कर्मचाऱ्याचा निधी म्हणायचा होता. २०२१ साली न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला. एका कर्मचाऱ्याचे पैसे थकणं वेगळं, पण अनेकांचे थकवले असं वाचलं गेलं तर तो पद्धतशीर गैरव्यवहाराचा आरोप ठरतो, असा त्यांचा विचार होता. मराठीत “कर्मचाऱ्याचा” की “कर्मचाऱ्यांचा” एवढं एक टिंब तिथे पुरलं असतं.

दुकानांच्या पाट्यांबाबत मात्र एवढं कडक राहण्याची गरज नाही. “लेडीज टेलर”, “बॉईज हॉस्टेल” यांत पहिला शब्द विशेषणासारखा वापरला आहे, तो खुणेविना चालतो असं मानणारे इंग्रजीतही पुष्कळ आहेत. बर्मिंगहॅम शहराच्या पालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी न वापरण्याचं धोरण जाहीर केलं. आणि पाटी देवनागरीत लिहिली की प्रश्नच मिटतो. खटकतं ते उलटं टोक: नुसतं अनेकवचन असताना मध्ये खूण घुसडणं. “फोटो’ज”, “केक’स” अशा पाट्या गाडीतळापासून ससाणेनगरपर्यंत सापडतील. तिथे कोणाची मालकीही नाही आणि काही गाळलेलंही नाही. इंग्लंडातही भाजीवाल्यांच्या पाट्यांवरून या चुकीला नाव पडलं आहे.

नोकरीच्या अर्जात मात्र सूट नसावी. “फाइव्ह इयर्स’ एक्स्पीरियन्स” यात मालकी कोणाची, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मराठीत आपण “पाच वर्षांचा अनुभव” म्हणतोच. तो “चा” म्हणजेच ती खूण. शंका आली तर वाक्य मराठीत म्हणून पाहावं. “वर्षाचा” आलं तर खूण एसच्या आधी, “वर्षांचा” आलं तर नंतर. अनेकवचन एसशिवाय होत असेल तेवढाच अपवाद.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे एका पिढीची दहा-दहा वर्षं ही भाषा शाळेत शिकून झाली, तरी ही खूण अंदाजाने टाकली जाते. विरामचिन्हांच्या यादीत तिची एक ओळीची ओळख देऊन हे सुधारणार नाही. षष्ठी विभक्ती आणि सामान्यरूप शिकवतानाच मराठीच्या बाईंनी आणि इंग्रजीच्या सरांनी एक तास एकत्र घ्यावा. फळ्यावर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी: आईचं पत्र, आयांची सभा; मित्राची सायकल, मित्रांच्या सायकली; बाईचा डबा, बायकांचा डबा. मग मुलांनी स्वतःची आडनावं घ्यावीत. मगरांचं घर, तुप्यांचं शेत, जोश्यांचा वाडा. जोशी कुटुंबाच्या दारावर “जोश्यांचं घर” या अर्थाने इंग्रजीत “द जोशी’स” लिहिलं तर एकच जोशी उरतो. सगळे हवे असतील तर आधी जोशीज करायचं आणि खूण त्या एसच्या पुढे. आठवीच्या वर्गाला हे समजायला एक तास पुरेसा आहे.