जखमेतल्या अळ्या फेकू नका, त्यांची ओळख पटवून घ्या

"अंगात किडे पडतील!" हा शाप आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. म्हणूनच मधुमेही आजोबांच्या पायाच्या जखमेत किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या नाकात अळ्या दिसल्या, की घरचे आधी घाबरतात आणि मग लपवतात. कुणी रॉकेल ओततं, कुणी फिनेल. दवाखान्यात येईपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात.

हे पाप नाही, शापही नाही. माशीने अंडी घातली आणि त्यांतून अळ्या निघाल्या, एवढंच. याला आम्ही 'मायासिस' म्हणतो. पण ती माशी कोणती, हे आम्ही डॉक्टरही सहसा विचारत नाही. अळ्या काढतो, टाकून देतो, कागदावर 'अळ्या काढल्या' एवढंच लिहितो. मीही हेच करत आलो. माझ्या मते ही चूक आहे.

माशी-माशीत फरक असतो

या माश्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

१. जिवंत शरीराशिवाय ज्यांच्या अळ्या वाढूच शकत नाहीत. आपल्याकडची क्रायसोमाया बेझियाना ही त्यांतली. ती मेलेल्या जनावरावर नव्हे, तर जिवंत प्राण्याच्या किंवा माणसाच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. साधारण दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि आठवडाभर निरोगी मांस पोखरत आत शिरतात.

२. कुजलेल्या मांसावर वाढणाऱ्या, पण संधी मिळाली तर जखमेतही शिरणाऱ्या. ल्युसिलिया सेरिकाटा या माशीच्या अळ्या मुख्यतः मेलेलं मांस खातात. प्रयोगशाळेत निर्जंतुक करून वाढवलेल्या तिच्या अळ्या जखम स्वच्छ करायला वापरण्याची परवानगी अमेरिकेत २००४ साली मिळाली. (म्हणून घरी जखमेत आलेल्या अळ्या तशाच ठेवायच्या नाहीत!)

३. अपघाताने, उदाहरणार्थ अन्नातून, शरीरात जाणाऱ्या.

म्हणजे एकीच्या अळ्या उपचाराला वापरतात, तर दुसरीच्या अळ्या नाकातून हाडापर्यंत पोहोचू शकतात. दिसायला मात्र दोन्ही पांढुरक्याच!

ओळखायचं कसं?

नुसत्या डोळ्यांनी नाही. अळीच्या मागच्या टोकाला श्वास घेण्याच्या दोन चकत्या असतात. पूर्ण वाढलेल्या अळीच्या प्रत्येक चकतीवर तीन फटी दिसतात. त्या फटींची ठेवण आणि अंगावरच्या काट्यांचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कीटकतज्ज्ञ जात ठरवतात. भारतात माणसांच्या व जनावरांच्या जखमांत बेझियानाच्या अळ्या सर्रास असतात, हे पॅटन यांनी १९२० सालीच लिहून ठेवलं आहे. शंभर वर्षांनंतर आपण मात्र नाव न विचारताच अळ्या फेकतो.

नाव कळलं म्हणून उपचार थांबत नाहीत. अळ्या लगेच काढायच्याच असतात. पण बेझियाना निघाली, तर जखम अधिक खोलवर तपासावी लागते. शिवाय गोठ्यातल्या गाई-म्हशींच्या जखमाही पाहाव्या लागतात, कारण ही माशी त्यांच्यावरही वाढते.

तुम्ही काय कराल?

- रॉकेल, फिनेल ओतू नका. जखम स्वच्छ कापडाने झाकून त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.
- गळून पडलेल्या अळ्या झाकणाच्या बाटलीत घालून सोबत आणा.
- "डॉक्टर, ही कोणती माशी?" असं जरूर विचारा. उत्तर नसेल, तर अळ्या तपासणीला पाठवायची विनंती करा.
- मधुमेही आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा रोज पाहा, झाकून ठेवा. दिवसा झोपतानाही मच्छरदाणी लावा, कारण या माश्या दिवसा फिरतात.

लाजू नका. लपवलेली जखम अळीच्या फायद्याची, दाखवलेली जखम तुमच्या.