आजीच्या ओव्या जपून ठेवा

मायबहिणींनो, गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या मात्र अजून थोरल्या बायांच्या ओठी आहेत. त्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

घरात संगणक असेल तर त्यावर ‘ऑडॅसिटी’ घालून घ्या. २००० साली निघालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तांबड्या गोल बटणानं ध्वनिमुद्रण सुरू होतं, चौकोनी बटणानं थांबतं, हिरव्या त्रिकोणानं ऐकता येतं. बटण दाबल्यावर पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसावं. पंख्याची घरघर मागाहून कमी करताना तेवढा तुकडा नमुना म्हणून लागतो. मग आजीला गाऊ द्या. पडद्यावर आवाजाची लाट उमटते. ती कडेला टेकली तर आवाज फाटला समजा. माइक जरा लांब सरकवा.

काटछाट करण्याआधी मूळ मुद्रण ‘वेव्ह’ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून वेगळं ठेवा. मग नको तो भाग माउसनं निवडून डिलीट दाबा. चुकलं तर कंट्रोल आणि झेड एकदम दाबा, गेलेलं परत येतं.

मूळ मुद्रणाला मात्र हात लावू नका. बियाणं कुणी दळायला नेत नाही.